पांढरीचा पैसा

काळी आणि पांढरी ही गावाची दोन अंगं. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. एकाच जागी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरं पडली, पडल्या घरावर दुसरी उठली, चुलीची राख, शेण, खापरं साठत गेली, की ती जमीन पांढुरकी होते आणि उंच होत जाते. आमच्या तेरणेकाठी अशी पांढरीची टेकाडं बरीच आहेत. त्यांत नाव घ्यावं असं तेरचं. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्याही बाराशे वर्षं आधी तिथं तगर नावाचं मोठं शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्याकडच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं, असं त्यात आहे. आमचं गाव तेरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. म्हणजे आम्ही त्या शहराचे शेजारी, फक्त दोन हजार वर्षं उशिरा आलेले.

मला जुनी नाणी गोळा करायचा नाद आहे. नाद म्हटलं की लोकांना पैसेवाला माणूस दिसतो. मी दहावीपर्यंत शिकलेला, साडेसात एकराचा धनी, त्यातलं अडीच एकर मुरमाड. माझ्याकडं सोन्याचं एकही नाणं नाही. सगळ्यात महाग घेतलं ते साडेतीनशे रुपयांचं. बाकीची पाच रुपये, दहा रुपये, काही तर चहावर मिळालेली. गरिबाला परवडेल असा हा नाद आहे, हे मी अनुभवानं सांगतो. फक्त राजाच्या खजिन्याकडं बघायचं सोडून बाजारच्या पिशवीकडं बघायला शिकलं पाहिजे.

सुरुवात झाली ती घराच्या माळवदातनं.

आमच्याकडं पूर्वी सगळी घरं माळवदाची. लाकडाच्या तुळया, त्यावर बारीक लाकडं, त्यावर पाला, आणि वर हात-दीड हात माती. ही माती पांढरीचीच लागते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. पांढरी घट्ट बसते, पाणी खाली सोडत नाही. म्हणून गावोगावचे लोक जुनी टेकाडं खणून गाड्यांनी माती आणायचे. त्या मातीत कुणाचं दोन हजार वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर आहे, हे बघत कोण बसतो?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. तेरणेच्या खालच्या अंगाला गावंच्या गावं झोपेत दगडमातीखाली गेली. आमच्या बाजूला जीव वाचले, पण भिंतींना हात जाईल अशा भेगा पडल्या. डोक्यावर हातभर माती घेऊन झोपायची कुणाची छाती होईना. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही माळवद उतरवलं आणि पत्रे घातले.

उतरवलेली माती अंगणात ढीग करून ठेवली होती. कारभारीण ती चाळत होती, चुलीला आणि पोतेऱ्याला बरी म्हणून. चाळणीत खडे राहतात तसे काळपट, वाटोळे तुकडे राहिले.

"अवं, हिकडं या. ह्ये काय निघायलंय बघा. बटनं हायीत का काय शिशाची?"

हातात घेतलं तर आकाराच्या मानानं जड. धुतल्यावर एकावर हत्ती दिसला. सोंड वर केलेला. दिवसभरात अशी नऊ निघाली.

हायस्कूलमध्ये इतिहासाचे एक सर होते. त्यांच्याकडं रुमालात बांधून घेऊन गेलो. त्यांनी भिंगातनं बघितलं, उलटून बघितलं. मागं चार गोळे, अधिकच्या चिन्हानं जोडलेले. सर म्हणाले, "याला उज्जैन चिन्ह म्हणतात. सातवाहनांची नाणी आहेत. दोन हजार वर्षांच्या मागं-पुढं." मी किंमत विचारणार, तेवढ्यात त्यांनीच मला विचारलं, "माती कुठली?"

मला माहीत नव्हतं. माळवद माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचं. सर म्हणाले, "घरात कुणाला माहीत असेल तर आजच विचारा. नाणं मी कुठलंही दाखवीन. कुठं निघालं ते कळलं तर त्याला अर्थ."

आप्पा तेव्हा बाजेवरच असायचे. ऐकायला कमी येत होतं. कानाशी जाऊन विचारलं, "आप्पा, माळवदाची माती कुठनं आणली हुती?" त्यांनी डोळे मिटले आणि सरळ सांगायला सुरुवात केली. साल 1958. पांढरीचं नदीकडचं अंग, मोठ्या चिंचेच्या खाली. अठरा गाड्या. बैलं आपली दोन आणि मामाची दोन. सातव्या गाडीला आख मोडला होता. पांढरीत खणताना विटांची गोल विहीर लागली होती, ती तशीच सोडली. मी शाळेच्या एका जुन्या वहीत ते सगळं लिहून घेतलं. माझ्या संग्रहाचं ते पहिलं पान. खाली लिहिलं, 'सांगणार : आप्पा.' 1999 ला आप्पा गेले. ती चिंचही आता नाही. चिंचेखालची पांढरी कुठं होती, एवढं दाखवणारा त्या वहीतला एक उतारा आहे.

तेव्हापासून माझा एकच नेम. नाणं घेतलं की आधी गाव विचारायचं.

पैशाची सोय अशी केली. दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी यायचं. प्रत्येक बिलातले दहा रुपये वेगळ्या डबीत. महिन्याला तीस. आठवडी बाजारात मोडीवाले बसतात. तांबं-पितळ किलोवर घेतात, त्यांच्या पोत्यात हात घालून बसायचं. बहुतेक वेळा भोकाचे पैसे, निजामाच्या दिडक्या, झिजलेल्या शिवराया निघतात. एखाद्या वेळी पोटीनचं नाणं निघतं. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची मिसळ. मोडीवाल्याला त्यातलं तांबं कमी पडतं म्हणून तो ते आनंदानं देऊन टाकतो. नदीवर भोई लोक जाळ्याला शिशाचे मणी लावतात. जुनं शिसं मिळेल तिथनं आणून वितळवायचं आणि मणी ओतायचे. एका म्हाताऱ्या भोयानं मला सांगितलं, "पांढरीतलं हत्तीचं शिसं लई मऊ. आमच्या बापानं पोतंभर आटवलं आसंल." मी त्याला बाजारातनं तेवढ्याच वजनाचं शिसं आणून द्यायचो आणि त्याच्याकडची नाणी घ्यायचो. सातवाहनांचा पैसा मी असा वजनाला वजन देऊन सोडवला. पुण्याला कांदा घेऊन गेलो की बुधवार किंवा रविवार बघून जायचो, जुन्या बाजारात चक्कर मारता यावी म्हणून. तिथं चांदीची मिळायची. क्षत्रपांची मिशाळ राजाच्या मुंडक्याची लहान नाणी, ठसे मारलेली चौकोनी आहत नाणी, गधैया. गधैयावर एके काळी इराणी राजाचं डोकं आणि मागं अग्निकुंड होतं. ठशावरनं ठसा करत करत नुसत्या रेघा आणि ठिपके राहिले.

चांदीत नकली फार. शिशाच्या झिजलेल्या नाण्याला त्या मानानं भीती कमी, कारण नकली करायला जेवढा खर्च येईल तेवढी त्याची किंमतच नाही. कमी पैशाच्या माणसाला देवानं दिलेली ही सवलत आहे.

एक गोष्ट मात्र मी पाळली. टेकाडावर कुदळ घेऊन गेलो नाही आणि कुणी रात्रीचं खणून आणलेलं घेतलं नाही. गावात एक समज आहे, की सोनं-नाणं सापडलं आणि सांगितलं तर सरकार जमीनच काढून घेतं. म्हणून लोक गप्प बसतात. हंडा निघाला की चांदी सोनाराच्या मुशीत जाते आणि शिसं उकिरड्यावर. कायदा 1878 चा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. सापडणाऱ्याचा हिस्साही त्यात लिहिलेला आहे. हे मी पारावर बसून किती जणांना सांगितलं असेल. ऐकतात, मान हलवतात.

आता लोक विचारतात, या शिशाच्या चकत्यांत असं काय आहे? मी त्यांना तऱ्हाळ्याची गोष्ट सांगतो. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा गाव आहे. तिथं 1939 साली पोटीनच्या नाण्यांचा साठा निघाला, दीड हजारांहून जास्त नाणी. सोनं नाही, चांदी नाही. पण ती वाचली तेव्हा त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावं निघाली. पुराणांत राजांच्या याद्या आहेत, त्यांत ही नावं नाहीत. राजे होऊन गेले, राज्य केलं, आणि त्यांचं नाव राहिलं ते बाजारात फिरणाऱ्या हलक्या पैशावर. तऱ्हाळ्याचा तो साठा कुणी भांड्यात आटवला असता तर ते राजे दुसऱ्यांदा मेले असते.

आणि ही नावं एका नाण्यावर पुरी वाचता येत नाहीत. ठसा मोठा, चकती लहान, म्हणून अक्षरं काठाबाहेर जातात. एकावर 'रञो' दिसेल, दुसऱ्यावर 'सातक', तिसऱ्यावर नुसतं 'णिस'. दहा नाणी शेजारी ठेवली की एक राजा पुरा होतो. सरांनी मला ब्राह्मी लिपीची अक्षरं एका कागदावर काढून दिली होती. दोन पावसाळे लागले, पण अक्षरं जुळवून वाचता यायला लागली. एके दिवशी पाच नाणी मांडून कारभारणीला वाचून दाखवलं, 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस.' म्हणजे राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचं.

ती म्हणाली, "गौतमी कोण?"

"त्याची आई."

"राजानं आईचं नाव लावलंय?" तिनं नाणं हातात घेतलं. "मंग बापाचं?"

"बापाचं नाही."

तोवर तिला माझा नाद म्हणजे रिकामटेकडेपणा वाटायचा. त्या दिवसापासून तिनं डबीतल्या दहा रुपयांवर बोलणं बंद केलं. पुढं वासिष्ठीपुत्राचं नाणं मिळालं तेव्हा तिनंच विचारलं, "ह्याच्या आईचं काय नाव?"

राज्य बदललं की पैशाचं काय होतं, हे आमच्या भागाला शिकवावं लागत नाही. आम्ही निजामाच्या राज्यातले. आजीच्या बोलण्यात कायम हाली आणि कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. पुढं निजाम गेला, हाली गेले. दोन हजार वर्षांपूर्वी असंच झालं. गौतमीपुत्रानं नहपान क्षत्रपाला हरवलं आणि नहपानाची चांदीची नाणी न वितळवता त्यांवरच आपला ठसा मारला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 साली तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा निघाला, त्यांतल्या बहुतेकांवर नहपानाच्या तोंडावर गौतमीपुत्राचं चिन्ह आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण विणकरांच्या संस्थांकडं कायमचे ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक व्याजानं, हजार शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल हलवायचं नाही, व्याजातनं भिक्षूंना कापडचोपड. हे वाचल्यावर मी थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या गावात सावकार 1980 च्या साली महिना शेकडा तीननं द्यायचा, आणि अडल्याला पाचनं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विणकरांची पत आमच्यापेक्षा बरी होती.

ठेवणुकीचं थोडं सांगतो, कारण नव्या पोरांना हे कुणी सांगत नाही. नाणं चिंचेनं, लिंबानं, राखेनं घासायचं नाही. माझ्या मेहुण्यानं एक चांगलं तांब्याचं नाणं चिंचेनं लख्ख केलं. हत्ती गेला, चकती राहिली. मऊ दात्याच्या ब्रशनं साध्या पाण्यात माती काढायची, सावलीत वाळवायचं. शिशाचं नाणं लाकडी पेटीत ठेवायचं नाही. लाकडाच्या वासानं शिशाला पांढरी भुकटी येते आणि ते आतनं पोकळ होतं. हात लावल्यावर हात धुवायचे, शिसं पोटात जायला नको. तालुक्याच्या फोटो स्टुडिओतनं रोलच्या रिकाम्या डब्या मी फुकट आणायचो. एक नाणं, एक डबी, आत चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, कुणाकडनं, कोणत्या साली. मोबाईल आले आणि रोल बंद झाले, पण तोवर माझ्याकडं शंभराच्या वर डब्या जमल्या होत्या.

2016 च्या उन्हाळ्यात या डब्यांची परीक्षा झाली. तिसरं वर्ष पाण्याचं नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल. विहिरीत चिखल, बोअर कोरडं. दावणीला बैलजोडी आणि एक म्हैस. म्हैस विकली. बैलांना गिऱ्हाईक नव्हतं, आणि असतं तरी द्यायची माझी तयारी नव्हती. थोरल्यानं कुठनं तरी पुण्याच्या एका परवानाधारक व्यापाऱ्याचा नंबर काढला. तो गाडी करून घरी आला. डब्या उघडून ओसरीवर मांडल्या. त्यानं भराभर बघितलं आणि दोन ढीग केले. चांदीची अकरा एका बाजूला, शिसं-पोटीन दुसऱ्या बाजूला.

"सगळ्याचे मिळून नऊ हजार देतो. चांदीचेच सात. हे दोन हजारांत टाकून द्या, काका."

नाणी पिशवीत भरताना तो चिठ्ठ्या काढून खाली टाकायला लागला. मी म्हणालो, "चिठ्ठ्या पण न्या. गावं लिहिलीत." तो हसून म्हणाला, "गावाचा काय उपयोग? गिऱ्हाईक नाणं बघतं."

थोरला म्हणाला, "आण्णा, द्या सगळीच. दोन हजारांत अजून पंधरा दिवस निघतील." त्याचं चुकत नव्हतं. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

मी चांदीची अकरा दिली. ती बाजारातनं आली होती. कुठल्या गावची, कुठल्या मातीतली, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीवर नुसतं 'पुणे, जुना बाजार' असं होतं. ज्यांच्या चिठ्ठीवर आमच्या तेरणाकाठची गावं होती, ती सगळी शिशाची आणि पोटीनची निघाली. ती मी डब्यांत परत भरली. किमतीचं गेलं, बिनकिमतीचं राहिलं. सात हजारांत कडबा आला आणि बैलांनी मिरगाचा पाऊस बघितला. थोरला महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

दोन-तीन वर्षांनी विद्यापीठातनं एक मुलगी आली. तेरच्या आसपासच्या वस्त्यांवर तिचा अभ्यास चालू होता. तेरला रामलिंगप्पा लामतुऱ्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय आहे. लामतुऱ्यांनी गावातल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या म्हणून ते उभं राहिलं. तिथं कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. मी डब्या काढल्या. तिनं दोन-चार नाणी बघितली आणि म्हणाली, "काका, वही आहे म्हणे तुमच्याकडं?" वही दिल्यावर तिनं दिवसभर मान वर केली नाही. पानापानाचे फोटो काढले, नकाशावर टिंबं दिली. संध्याकाळी नकाशा मला दाखवला. नदीच्या दोन्ही काठांनी टिंबांची ओळ लागली होती. पैठणहून तगरला येणाऱ्या गाड्या कुठल्या अंगानं येत असतील, याचा अंदाज बांधायला ही ओळ कामाला येईल, असं ती म्हणाली. त्यातली सहा टेकाडं आता जमिनीवर नाहीत. जेसीबीनं ती शेतात गेली, वीटभट्टीला गेली. आमच्या पांढरीचं नदीकडचं अंगही गेलं. तिच्या नकाशावर त्या जागी टिंब आहे, शेजारी बारीक अक्षरांत साल आणि 'अठरा गाड्या'.

कारभारणीनं तिला भाकरी वाढताना विचारलं, "ह्या नकाशात आमच्या आप्पाचं नाव येतंय का?" ती म्हणाली, "येतं ना. सांगणार म्हणून."

परवा शेजारच्या वाडीचा एक पोरगा पाईपलाईनच्या चरात सापडलेलं एक नाणं घेऊन आला. मुठीत धरलेलं, घामानं ओलं. "आण्णा, किती येतील ह्याचं?" मी म्हणालो, "शिशाचं हाय, चहासुद्धा येणार नाही. पण बस. चर कुठला? किती खोल? वर काळी हुती का पांढरी?" नात आता सातवीत आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. तिला वही आणायला सांगितली. पोरगा सांगत गेला, ती लिहीत गेली. कागदाची एक प्रत त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, नाणं आणि हा कागद, दोन्ही तेरला संग्रहालयात नेऊन दे, वेगळं करू नको. तो गेल्यावर नातीनं विचारलं, "आजोबा, सांगणार म्हणून कुणाचं नाव लिहू?"

"त्याचंच," मी म्हणालो. "सापडलं त्याला."